दुव्याचे दोन लेखक

लग्नपत्रिका छापखान्यातून येते तेव्हा तिच्यात वधूवरांची नावे, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, सारे काही असते. निमंत्रिताचे नाव तेवढे नसते. ते घरी, पाकिटावर, हाताने लिहायचे. छापणारा कितीही कुशल असला तरी ते त्याच्या हाती नाही, कारण पत्रिका छापली जाते तेव्हा यादी अजून व्हायची असते. एकाच दुव्यात सर्व्हरचे एक व्हेरिएबल आणि ब्राउझरचे दुसरे गुंफायचे असेल, तर हाच कालक्रम मान्य करावा लागतो.

आम्ही काही मित्र जुन्या मराठी नियतकालिकांतले निबंध टंकून एका संकेतस्थळावर ठेवत असतो. वाचक एखाद्या शब्दापाशी अडखळला तर त्याने तो निवडावा आणि दुव्यावर टिचकी मारून शब्दार्थाच्या पानावर जावे, अशी आमची योजना होती. मात्र नुसता शब्द पाठवून भागत नव्हते. 'प्रकरण' हा एका निबंधात पुस्तकाचा भाग असतो, दुसऱ्यात भानगड. तेव्हा शब्दासोबत निबंधाचा क्रमांकही जायला हवा. क्रमांक सर्व्हरला ठाऊक. शब्द मात्र वाचकाच्या ब्राउझरलाच.

सर्व्हरवर चालणारी पीएचपी आणि ब्राउझरात चालणारी जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा १९९५ सालच्या. समवयस्क खऱ्या, पण त्यांची समोरासमोर गाठ पडत नाही. पीएचपी पान लिहून मोकळी होते, पान वाचकाकडे पोचते, आणि मग जावास्क्रिप्ट जागी होते. म्हणून वाचकाने निवडलेला शब्द पीएचपीच्या ओळीत आणून बसवण्याची धडपड व्यर्थ असते. ती ओळ केव्हाच चालून गेलेली असते. उलट दिशा सोपी आहे. सर्व्हरने क्रमांक दुव्याच्या टॅगमध्येच एका डेटा-गुणधर्मात लिहून ठेवावा, आणि टिचकी पडताच जावास्क्रिप्टने तो उचलून शब्दाशी जोडावा.

जोडताना देवनागरीची परीक्षा असते. दुव्यात आपली अक्षरे जशीच्या तशी प्रवास करत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व दोन अंक-अक्षरे अशा वेशात जातो. म्हणजे एका चिन्हामागे नऊ खुणा. 'आठवण' छत्तीस खुणांचा होतो. 'स्मृती' उच्चारायला दोनच अक्षरे, पण हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजल्या गेल्याने चोपन्न! जावास्क्रिप्टचे जुने 'एस्केप' हे फंक्शन देवनागरीला निराळ्याच वेशात पाठवी, आणि सर्व्हरला ती ओळखू येत नसे. 'एनकोड-यूआरआय-कंपोनंट' वापरले की हा घोळ मिटतो. शिवाय जुन्या मुखपृष्ठांवर प्रकाशकांच्या नावांत '&' असतेच; ते उघडे राहिले तर दुवा तिथे तुटून नवे व्हेरिएबल सुरू झाले असा सर्व्हरचा समज होतो. '#' आले तर त्यापुढचे काही सर्व्हरकडे जातच नाही.

एवढे झाल्यावर दुवा तयार होतो, आणि त्याच क्षणी दोन्ही लेखकांची त्यावरची मालकी संपते. क्रमांक सर्व्हरनेच लिहिलेला असला, तरी पत्त्याच्या पट्टीत तो कोणीही बदलू शकतो. म्हणून परत आलेला स्वतःचाच क्रमांकही सर्व्हरने परक्यासारखा तपासावा, आणि आलेला शब्द पानावर दाखवण्यापूर्वी त्यातली टॅगची चिन्हे निष्प्रभ करावीत. नाहीतर शब्दाच्या जागी कोणी चालता प्रोग्रॅमच धाडायचा.

पूर्वी कुकी न स्वीकारणाऱ्या वाचकासाठी सत्राचा क्रमांकही दुव्यातच चिकटवण्याची रीत होती. तो दुवा मित्राला धाडला की मित्र आपल्याच नावाने आत शिरे! आमच्यातल्या एकाने वाचकाची ओळख दुव्यात घालावी असे सुचवले होते, म्हणजे कोण कुठे अडखळतो ते कळेल. आम्हांस ते पटले नाही. कोणता शब्द समजला नाही ही गोष्ट माणूस शेजाऱ्यालाही सहसा सांगत नाही, आणि दुव्यात गेलेले सारे सर्व्हरच्या नोंदींत व ब्राउझरच्या इतिहासात उमटते. म्हणून आमच्या दुव्यात क्रमांक आणि शब्द, एवढेच असते. सर्व्हरच्या नोंदींतून वाचकाचा आयपी पत्ता आम्ही पुसून टाकतो. शब्द ठेवतो, कारण पुढचा अर्थ कोणत्या शब्दाचा लिहायचा, हे त्यांवरूनच ठरते.