दांड्याचं लाकूड

कर्जत, फाल्गुन

चि. भाचेबुवांस,

खालापूरच्या जमिनीवर लागणाऱ्या कुदळ-कुऱ्हाडीला सागाचे दांडे करून घेतोस म्हणे. नको. साग दारं-खिडक्यांना उत्तम, हवा बदलली तरी फारसा हलत नाही. पण घाव झेलणं त्याच्या स्वभावात नाही, कडकन मोडतो. आपल्या डोंगरात या कामाला धामण. लवचिक इतकी, की पूर्वी तिची धनुष्यं होत. धावडा तिच्याहून जड आणि चिवट, पण तो घेण्याआधी दिवसभर कुदळ मारणाऱ्या गड्याच्या खांद्याला विचार. घाटावरचे लोक बाभळीची तारीफ करतील. खरी आहे, पण आपल्या पावसात बाभळी मुळात कमी.

तिवसही नामी. मात्र तो 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे; आपल्या बांधावरचा असला तरी परवानगीशिवाय तोडायचा नाही. वनखात्याच्या हद्दीत तर कशालाच हात लावू नकोस. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे त्यांनाही ठाऊक असावं!

पण झाडाच्या नावापेक्षा धागा बघ. करवतीने कापलेल्या पट्टीत धागा मध्येच तिरपा बाहेर पडतो आणि दांडा नेमका तिथे तुटतो. म्हणून ओंडका पाचर ठोकून फोडायचा. तो धाग्यानेच फुटतो. वाकडा फुटला तर होळीला. नेढ्याजवळ गाठ चालवून घेऊ नकोस. काही जण फांदी सोलून तशीच बसवतात, मला ते पटत नाही. सुकताना मध्यापासून चिरा पडतात.

आता ओलाव्याचं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही चार महिन्यांत. आषाढात बसवलेला दांडा पौषात खुळखुळणारच. लाकूड सर्वांत सुकं असतं ते आत्ता, तेव्हा आत्ताच बसव. सैल झाला की लोक कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवतात. लाकूड फुगतं, लोखंड जागचं हलत नाही, मग धागेच चेपतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल. त्यापेक्षा नवी पाचर मार. वार्निश लावू नकोस, हाताला फोड येतात. जवसाचं तेल चोळ.

गेल्या वर्षी वादळात आमच्या बांधावरची धामण पडली. ती फोडून पडवीत सुकत ठेवली आहे. शिमग्याला येशील तेव्हा दोन फोडी घेऊन जा, फक्त नेढ्याचं माप आण.

तुझा
मामा