न्हाणीघर आणि माडी

मिरजेच्या आमच्या वाड्यात सत्तरच्या दशकात एका छपराखाली बरेच मुलगे वाढत होते. सख्खे होते, चुलत होते आणि १९७२च्या दुष्काळात जतकडून शिकायला म्हणून आलेला मामेभाऊही होता. दुष्काळ सरला, पण तो आमच्यातच राहिला. जेवायला एक पंगत, झोपायला एक सतरंजी, शाळेत जायला एकच वाट. त्यामुळे आमच्यापैकी कोणीही आज त्या दिवसांविषयी बोलायला लागला की ‘मी’ म्हणत नाही, ‘आपण’ म्हणतो. मिसरूड फुटण्याचं, आवाज फुटण्याचं, अंगाला वेगळाच वास येऊ लागण्याचं ते वयही आम्ही असंच एकत्र ओलांडलं. फक्त त्याविषयी एकमेकांशी बोललो नव्हतो.

स्वच्छतेचं शिक्षण मात्र घराने भरपूर दिलं. पहाटे बंब पेटायचा आणि न्हाणीघरात धूर दाटायचा. आजीच्या हातून अंघोळ म्हणजे कानामागे, मानेवर, कोपरांवर आणि टाचांवर वजरी फिरणारच. बाहेरून आलं की पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. रविवारी सकाळी ओसरीवर नखं काढायची, डोक्याला तेल चोळायचं, महिन्याकाठी न्हावी घरी यायचा. दिवाळीला उटणं आणि मोती साबण. मामेभावाकडून आम्ही आणखी एक गोष्ट शिकलो. त्याच्या गावाकडे पाणीच नव्हतं, म्हणून तांब्या-दोन तांब्यांत अंघोळ कशी उरकायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंड, काखा, जांघा आणि पाय आधी, बाकीचं अंग पाणी उरलं तर. आम्हाला तेव्हा त्याची ती काटकसर वाटे. पण घाम कुठे साचतो आणि आधी काय धुवायला हवं याचं ते नेमकं ज्ञान होतं.

गल्लीतल्या तालमीतही हाच कटाक्ष होता. लंगोट रोज धुवून उन्हात वाळवलेला नसेल तर वस्ताद मातीत पाय ठेवू देत नसत. कोणाच्या अंगावर गजकर्णाचा चट्टा दिसला की तो बरा होईपर्यंत त्याला जोर-बैठकाच, कुस्ती बंद. एकाची खाज दुसऱ्याला लागते हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, आखाड्यात पाहिलेलं होतं.

साधारण आठव्या-नवव्या वर्षी आजी म्हणायची, “आता तुझी तू कर रे अंघोळ.” न्हाणीघराचं दार आतून लागायचं आणि नेमकं तिथेच शिकवणं थांबायचं. ज्या वयात शरीर बदलायला लागतं, त्याच वयात त्याच्याविषयी बोलणारं माणूस उरायचं नाही.

मोठ्या ताईला न्हाण आलं तेव्हा घरात बायकांची कुजबूज झाली, ओटी भरली गेली, गोडधोड झालं. तिच्या वाट्याला कोपऱ्यात बसणंही आलं, शिवू नको हेही आलं, आणि हे का घडतं ते तिलाही कोणी सांगितलं नाही. पण काहीतरी घडलं आहे याची निदान घराने दखल घेतली. मुलग्यांच्या बाबतीत तेवढीही खूण नव्हती. शाळेच्या प्रार्थनेत एकाचा आवाज मध्येच चिरकला तेव्हा वर्ग हसला आणि तो महिनाभर ओठ हलवून प्रार्थना म्हणत राहिला. एकाच्या छातीत, स्तनाग्राखाली, दुखरी गाठ झाली. त्याने तालमीत सदरा काढणंच सोडलं. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर ओळीने झोपत असू. पहाटे कोणीतरी हळूच उठून मोरीवर पायजमा धूत बसलेला दिसे. पाहणारा डोळे मिटून घेई, कारण त्याच्यावरही ती वेळ येऊन गेलेली असे.

घर गप्प होतं, पण गाव बोलत होतं. स्टेशनाकडे जाताना भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या जाहिराती असत. धातुदौर्बल्य, गुप्तरोग, हमखास इलाज. एस.टी. स्टँडजवळ तंबू ठोकून बसणारे बाटल्यांची रांग मांडत. वरच्या वर्गातली मुलं सांगत की रक्ताच्या कितीतरी थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो आणि तो गेला की माणूस खचत जातो. तालमीत ब्रह्मचर्याचं महत्त्व ऐकलेलं असायचंच. या सगळ्याचा आमच्यापैकी एकावर असा परिणाम झाला की झोपच येऊ नये म्हणून तो रात्री बसून राही. वर्गात पेंगे, वजन उतरलं, आणि ते उतरलेलं वजन पाहून त्याची खात्री पटे की आपण खचत चाललो आहोत. फार पुढे वाचनात आलं की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६०मध्येच या आजाराला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं होतं. त्यातला थकवा, धडधड, उदासी खरी असते. पण ती येते भीतीपोटी, वीर्य गेल्यामुळे नाही. आमच्या गच्चीवर झोप टाळून बसलेला तो मुलगा त्या व्याख्येत अगदी बसत होता.

हे मौन मोडलं ते एका दुखण्याने. मामेभाऊ तेव्हा तेरा-चौदाचा असेल. पहाटे त्याला जांघेशी भयंकर कळ येऊन जाग आली, उलटी झाली. वृषणाच्या जागी दुखतंय हे आजीला किंवा काकूला कसं सांगायचं, म्हणून “पोट दुखतंय” म्हणून तो पडून राहिला. ओव्याचा काढा झाला, पोटावर शेक झाला. दुपारी आत्या ड्युटीवरून परतली. ती मिशन हॉस्पिटलात परिचारिका होती. तो मोरीकडे वाकून चालत जाताना तिने पाहिला आणि एका नजरेत ओळखलं. टांग्यात घालून त्याला घेऊन गेली. वृषणाला पीळ पडला होता. अशा वेळी रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. पहाटेपासून दुपारपर्यंतचा वेळ लाजेत गेला होता. एक वृषण काढावं लागलं. मामेभावाने पुढे संसार केला, त्याला मुलं झाली, एका वृषणावर सगळं नीट चालतं. पण त्या रात्री आत्या हॉस्पिटलातून आली ती जेवलीच नाही.

पुढच्या रविवारी दुपारी तिने आम्हा सगळ्यांना माडीवर बोलावलं. जिन्याचं दार लावून घेतलं, पाटी-पेन्सिल घेतली आणि म्हणाली, “लाजायचं असेल त्याने खाली बघून बसा. पण ऐका.” शिश्न, वृषण, वीर्य हे शब्द तिने हात, पाय, नाक म्हणावं तितक्या सहजपणे उच्चारले. पहिली पाच मिनिटं कोणी मान वर केली नाही. मग हळूहळू सगळे पाटीकडे बघू लागले.

तिने क्रम सांगितला. मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात कधीतरी हे सुरू होतं. आधी वृषणं मोठी होतात, मग त्या भागात केस येतात, शिश्न वाढतं, उंची झपाट्याने वाढते, काखेत केस येतात, आवाज बदलतो, दाढी-मिशी सगळ्यांत शेवटी. कोणी लवकर, कोणी उशिरा, त्यात पुढे-मागे असं काही नसतं. चौदा उलटूनही काहीच सुरू झालं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. एक वृषण थोडं खाली लोंबतं, ते तसंच असतं. आवाज चिरकतो कारण स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब-जाड होतात आणि गळ्याला त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

“आत्या, छातीत गाठ आली तर?” मागून विचारणारा कोण ते आम्हाला लगेच कळलं. ती म्हणाली, “पुष्कळ मुलांना येते बाळा. वर्ष-दोन वर्षांत जिरते. दाबत बसू नको.” त्याने त्या दिवशी सोडलेला सुस्कारा आम्ही सगळ्यांनी ऐकला.

रात्री कपडे ओले होण्याविषयीही ती थेट बोलली. शरीरात वीर्य तयार होऊ लागलं की कधी कधी ते झोपेत बाहेर पडतं. काहींना वरचेवर, काहींना कधीच नाही. ते रक्तातून तयार होत नाही, त्याने कोणी खचत नाही. उठावं, धुवावं, कपडे बदलावेत आणि झोपावं. हाताने केल्यानेही अंगातली ताकद जात नाही, ते एकांतात करायचं आणि हात स्वच्छ असावेत, इतकंच. भिंतीवरच्या इलाजवाल्यांकडे मात्र कोणी गेलात तर गाठ माझ्याशी आहे. आणि घरातला असो की बाहेरचा, कोणी मोठ्या माणसाने तिथे हात लावला, तर तो कितीही मोठा असला तरी येऊन सांगायचं, तुमचा दोष धरणार नाही.

मग स्वच्छता. काखेत आणि जांघेत या वयात नव्या घामाच्या ग्रंथी कामाला लागतात. घामाला स्वतःला फारसा वास नसतो, त्वचेवरचे जंतू तो घाम खातात तेव्हा वास येतो. म्हणून घामावर पावडर थापून उपयोग नाही, रोज साबणाने धुवायचं आणि बनियन रोज बदलायचा. तोंडावरच्या तेलग्रंथी वाढतात म्हणून मुरुमं येतात. दोनदा साध्या साबणाने तोंड धुवा, फोडू नका, खड्डे पडतील. शिश्नाच्या पुढची त्वचा सहज मागे सरेल तेवढीच सरकवायची, पाण्याने धुवायची आणि पुन्हा पुढे आणायची. बळजबरी करायची नाही, त्वचा पुढे आणायची विसरली तर सूज येऊन अडकते. आत साठणारा पांढरा थर हा रोग नाही, रोज धुतला की संपला. अंघोळीनंतर जांघा कोरड्या टिपायच्या. ओलसर चड्डी घालून शाळेत जायचं नाही. खाज आली तर बाजारातलं जळजळीत औषध चोळायचं नाही, दाखवायचं.

शेवटी तिने मामेभावाला जवळ बसवलं आणि आम्हा सगळ्यांकडून एकच गोष्ट वदवून घेतली. तिथे अचानक दुखलं तर पोट दुखतंय म्हणायचं नाही. कुठे दुखतंय ते सांगायचं, लगेच, मध्यरात्र असली तरी.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. तोवर दोन पंचे सगळ्यांत फिरत असत, खरूज आणि गजकर्णही त्यांच्याबरोबर फिरे. आत्याने प्रत्येकाला वेगळा पंचा दिला, कडेला वेगळ्या रंगाचा दोरा घालून. आतल्या कपड्यांसाठी अंगणात उन्हातली दोरी ठरली. आजीने कोणाला काही विचारलं नाही, पण पहाटेचे पायजमे ती बाकीच्या धुण्यात घेऊ लागली. थोरल्या काकांनी एका सकाळी आरशासमोर बोलावून ब्रश, साबण, सेफ्टी रेझर, तुरटी सगळं मांडलं आणि केसांच्या दिशेने पातं कसं फिरवायचं, एकाचं पातं दुसऱ्याने का वापरायचं नाही, ते दाखवलं. पुढे त्यांनी आजोबांची ट्रंक उघडून ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक आमच्यातल्या मोठ्यांच्या हाती दिले. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७मध्ये सुरू करून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत एकहाती चालवलेलं हे मासिक. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. काकांनी तरुणपणी ते अंक वाचले होते. आमच्या जन्माच्या आधीपासून हे ज्ञान त्याच वाड्यात, माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. ते खाली उतरायला एका मुलाला एवढं सोसावं लागलं.

आता आमच्यातले कोणी पुण्यात आहेत, कोणी परदेशात, वाडा पडून तिथे इमारत झाली. आमच्या मुलांची मुलं त्या वयाला आली आहेत. त्यांच्या हातात फोन आहे, त्यात भिंतीवरच्या जाहिरातींहून कितीतरी जास्त भीती आणि कितीतरी जास्त खोटं आहे. २००७मध्ये महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण विरोधामुळे थांबवलं गेलं तेव्हा आम्हा भावांची फोनाफोनी झाली होती, आणि सगळ्यांना आठवला होता तो मामेभाऊच. २०१४पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक आहेत. तिथे मुलगे जाऊ शकतात, पण जा असं त्यांना घरातून कोणीतरी सांगावं लागतं.

आमच्या कुटुंबात आता एक रीत आहे. मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला की, काही घडायच्या आधी, घरातला एक पुरुष त्याला घेऊन बसतो आणि आत्याने पाटीवर काढलं ते सगळं सांगतो. सहा तासांची गोष्ट मामेभाऊ स्वतः सांगतो, स्वतःचं नाव घेऊन. एकदा सांगून भागत नाही, दर वर्षी थोडं थोडं सांगावं लागतं, आणि मुलगा लाजून खाली बघत असला तरी तो ऐकत असतो. मुलींना आई, मावशी निदान काही बोलते. मुलग्यांना हे सांगायचं काम बापाचं, काकाचं, मामाचं आहे. आमच्या घरी आत्या होती, प्रत्येक घरी नसते.