चित्रकथांचें दुकान

चित्रकथांचीं पुस्तकें कोठें मिळतात आणि हल्लीं कां मिळेनाशीं झालीं, हा प्रश्न गंभीर मासिकांत चर्चेस घेण्याजोगा आहे काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. घरांतील वडील मंडळी त्यास पोरखेळही म्हणतील. परंतु ज्या घरांत सहा ते बारा वर्षांचीं तीन-चार मुलें आहेत, आणि तीं मराठी बोलतात पण मराठी वाचावयास कंटाळतात, त्या घरास हा प्रश्न भाजीच्या भावाइतकाच जवळचा आहे. आमचें घर तसलेंच आहे. त्यांत भर अशी कीं, नांदेडांतील एका पुस्तकविक्रेत्याचे आम्ही घरमालक आहों. तेव्हां या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आमच्या एकाच ओसरीवर येऊन बसल्या आहेत.

आमच्या लहानपणीं, म्हणजे 1970 नंतरच्या दहा-बारा वर्षांत, अशीं पुस्तकें मिळण्याचीं तीन ठिकाणें होतीं. एक रेल्वेचें वा एस्. टी.चें स्थानक. गाडीस उशीर झाला कीं मूल रडूं लागे, आणि त्यास गप्प करण्यासाठीं वडील चांदोबाचा अंक घेऊन देत. दुसरें शाळेच्या वाटेवरील वह्या-पेन्सिलींचें दुकान. 1964 सालीं टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आणि जादूगार मँड्रेक, तसेच 1967 पासून अनंत पै यांच्या संपादकत्वाखालीं निघूं लागलेल्या अमर चित्र कथेंतील राम-कृष्ण, हे सर्व तेथें एकाच दोरीवर चिमट्यांनीं टांगलेले असत. तिसरें ठिकाण म्हणजे कोणा गृहस्थाच्या बाहेरच्या खोलींतील घरगुती वाचनालय. तेथें कांहीं पैसे देऊन पुस्तक एका दिवसापुरतें भाड्यानें मिळे, आणि तें परत करण्यापूर्वीं घरांतील पांच भावंडें वाचून घेत. या तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान होती. तेथें कोणी मुद्दाम जात नसे. आपण दुसऱ्याच कामास निघालेलों असतां तीं वाटेंत येत.

पुस्तकांचे आमच्या मतें दोन वर्ग आहेत: शोधून घेण्याचीं आणि दिसलीं म्हणून घेण्याचीं. दहावीचें गणित पहिल्या वर्गांतील. तें तिसऱ्या मजल्यावर असो वा बोळाच्या टोंकास असो, जून महिन्यांत बाप जिना चढून जातोच. चित्रकथा दुसऱ्या वर्गांतील. आठ वर्षांचा मुलगा चित्रकथा घेण्याचा संकल्प करून घराबाहेर पडत नाहीं. तो आजोबांचें बोट धरून औषध आणावयास निघतो, वाटेंत मुखपृष्ठावरील वाघ पाहतो, आणि पाय रोवून उभा राहतो. पुढील सारा व्यवहार त्या पाय रोवण्यावर अवलंबून असतो. म्हणजे ज्या पुस्तकाची किंमत थोडी आणि नफा त्याहून थोडा, त्यासच रस्त्याकडची, तळमजल्याची, वर्दळीची, अर्थात् सर्वांत महाग जागा लागते. आणि ज्याचें गिऱ्हाईक ठरलेलें, त्याचें मात्र मागच्या खोलींतही चालतें. या व्यापाराची सारी अडचण एवढ्यांतच आहे.

हिशेब मांडून पाहावा. कापडवाल्याचें भाडें वाढलें तर तो मीटरमागें दोन-चार रुपये चढवितो. पुस्तकाच्या पाठीवर किंमत छापलेली असते. समजा, 100 रुपयांच्या चित्रकथेमागें विक्रेत्यास 25 रुपये सुटतात आणि गाळ्याचें मासिक भाडें 12,000 रुपये आहे. तर निव्वळ भाड्यापुरतीं त्यानें महिन्यास 480, म्हणजे रोज 16 पुस्तकें विकलीं पाहिजेत. नोकर, वीज आणि प्रपंच हीं निराळींच. पुस्तकांवर वस्तु-सेवा कर नाहीं हें ऐकून प्रथम बरें वाटतें. परंतु घरमालक त्या कराच्या कक्षेंत असेल तर गाळ्याच्या भाड्यावर 18 टक्के कर बसतो. शेजारचा नोंदणीकृत दुकानदार तो आपल्या विक्रीच्या करांतून वळता करून घेतो. पुस्तकवाल्याच्या विक्रीवर करच नसल्यामुळें त्याच्यापाशीं वळतें करावयास कांहीं नसतें. सवलतीचें असें ओझें झालेलें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

आमच्या भगिनीचें सासर लातुरास असल्यामुळें तेथील बाजार आमच्या पायांखालचा आहे. तेथील गंजगोलाई 1917 सालीं फय्याजुद्दीन नांवाच्या नगररचनाकारानें आंखली. मध्यभागीं देवीचें देऊळ, सभोंवतीं वर्तुळाकार बाजार आणि त्यांतून फुटणारे 16 रस्ते. सोनें, कापड, मसाले अशा एकेका मालाची एकेका रस्त्यावर ओळ लागत गेली. दहा दुकानें पाहून जो माल घ्यावयाचा, त्यास अशी ओळ मानवते. पुस्तकांची खरी ओळ लातुरांत लागली ती मात्र गोलाईंत नव्हे, शिकवण्यांच्या वस्तींत. वैद्यकीच्या आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठीं साऱ्या मराठवाड्यांतील मुलें ज्या लातूर पॅटर्नच्या लौकिकावर तेथें येतात, त्यांच्या भोंवतीं वसतिगृहें, खानावळी आणि अभ्यासिका उभ्या राहिल्या. त्या वस्तींत जागेचें भाडें शिकवणीचा वर्ग काय देऊं शकतो यावरून ठरतें, पुस्तकवाला काय देऊं शकतो यावरून नव्हे. म्हणून तेथील पुस्तकाच्या दुकानांत प्रश्नसंचांच्या थप्प्या छतास लागतात. आठ वर्षांचें मूल त्या रस्त्यास येण्याचें कारण नाहीं, आणि आलेंच तर त्याच्या उंचीवर पाहण्याजोगें कांहीं नाहीं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत पाठ्यपुस्तकांच्या गर्दींतही एखाद्या कोपऱ्यांत गोष्टीचीं पुस्तकें तग धरून राहतात. लहान शहरांत तेवढी ऐसपैस वर्दळ नसते.

कायद्यानें लहान भाडेकरूस छत्र दिलें आहे. मराठवाड्यास पूर्वीं हैदराबाद राज्याचा 1954 चा कायदा लागू होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा 1999 चा भाडेनियंत्रण कायदा अंमलांत आला. त्यान्वयें मालकास वर्षास 4 टक्के वाढ घेतां येते. परंतु बँका, आणि ज्यांचें भरणा झालेलें भांडवल 1 कोटी वा अधिक आहे अशा कंपन्या, या छत्राबाहेर ठेविल्या आहेत. त्यांच्याशीं वाटेल त्या भाड्याचा करार करतां येतो आणि मुदत संपतांच जागा मोकळी मागतां येते. परिणाम उघड आहे. ज्यास संरक्षण आहे त्यास नवी जागा कोणी देत नाहीं, आणि दिलीच तर अकरा महिन्यांच्या परवान्यावर. अकरा महिन्यांच्या बोलीवर कोण फळ्या ठोकील आणि गल्लींतील मुलांची ओळख जोडील?

मोठ्या शहरांतूनही हें दुखणें आहेच. पुण्याचें मॅनीज 2012 सालीं आणि 1948 पासून चालत आलेलें मुंबईचें स्ट्रँड 2018 सालीं बंद झालें. केवळ भाड्यानें तीं गेलीं असें आम्ही म्हणत नाहीं. शहराबाहेरच्या स्वस्त गोदामांतून घरपोंच आणि सवलतीनें पुस्तक येऊं लागलें, हेंही खरें. परंतु घरपोंच येतें तें मागविलेलें पुस्तक; न मागविलेलें येत नाहीं. पॅरिसच्या नगरपालिकेनें आपल्या एका कंपनीमार्फत विद्यापीठानजीकच्या वस्तींतील गाळे विकत घेऊन पुस्तकविक्रेत्यांस परवडतील अशा भाड्यानें दिले. तेथें सीन नदीच्या कठड्यावर हिरव्या पेट्या मांडून जुनीं पुस्तकें विकणारे तर जागेचें भाडेंच देत नाहींत. गोदावरीच्या कांठीं असें कांहीं मांडण्याचा विचार आमच्याही मनांत आला होता. परंतु आमच्या नदीचा भाद्रपदांतील स्वभाव आम्हांस ठाऊक आहे.

आतां घरचें सांगतों. वजिराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यास लागून आमचें घर आहे आणि पुढील गाळ्यांत तीस वर्षांपासून वह्या-पुस्तकांचें दुकान आहे. 2008 सालीं गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते रुंद झाले, आणि तेव्हांपासून या गाळ्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टि पालटली. गेल्या वर्षीं मोबाइल विकणाऱ्या एका कंपनीचा मनुष्य फीत घेऊन आला, त्यानें रस्त्याकडची लांबी मोजली, आणि सध्यांच्या भाड्याच्या नऊपट आंकडा सांगितला. दादांनीं त्या रात्रीं जेवणानंतर विषय काढला. त्यांचें म्हणणें सरळ होतें. धाकटा पुतण्या लातुरास प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. त्याची शिकवणी, खानावळ आणि चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचें भाडें हें सर्व घरांतूनच जावयाचें. "पुस्तकवाल्यास योग्य ती रक्कम देऊं आणि जागा मोकळी करून घेऊं," असें ते म्हणाले. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मुलगा त्यांचा, त्यांनीं काय बोलावें? आई मात्र म्हणाल्या, "धाकट्या पोरी संध्याकाळीं कोठें जाऊन उभ्या राहतील?" लातुरांतील एका खाटेचें भाडें नांदेडांतील पुस्तकांच्या फळीवरून वसूल व्हावयाचें, असा हा पेंच आहे. दादांस दोष देणें आम्हांस कधींच जमलें नाहीं.

दुकानदारास विचारावयास आम्हीच गेलों. कायदा आपल्या बाजूस आहे हें ते जाणून होते, परंतु तो शब्द त्यांनीं उच्चारला नाहीं. ते म्हणाले, "मोठी जागा तुम्ही खुशाल द्या. मला मागची खोली पुरे; शाळेचीं पुस्तकें घेणारा बोळांतून येईल. फक्त रस्त्याकडचे चार फूट मला ठेवा. कांचेमागें चित्रांचीं पुस्तकें लावीन, आणि कांच खालपर्यंत असूं द्या." भाडें ते त्या चार फुटांपुरतें वाढवून द्यावयास तयार आहेत.

दादांस हें पटलें. कंपनीच्या मनुष्यास पटलें नाहीं. त्यास सगळी दर्शनी बाजू हवी, नाहीं तर आंकडा निम्म्यावर येईल असें त्यानें कळविलें आहे. मध्यंतरीं जून येऊन गेला. पाठ्यपुस्तकें मागच्या खोलींत हलविलीं होतीं, आणि बोळांत पालकांची रांग नेहमींसारखीच लागली. पुतण्याच्या दुसऱ्या हप्त्यासाठीं दादांनीं पतपेढींतून कर्ज काढलें. कंपनीचा मनुष्य दसऱ्यानंतर पुनः फीत घेऊन येणार आहे.