सौंदर्य, भय आणि प्रीति

सुंदर तें सुखकर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. फूल सुंदर, चांदणें सुंदर, लहान मुलाचें हसणें सुंदर. आणि ज्याची भीति वाटते तें कुरूप, असा एक सोपा हिशेब आपण मनांत करून ठेविलेला असतो. परंतु समुद्राच्या शेजारीं राहणाऱ्या माणसाचा हा हिशेब फार दिवस टिकत नाहीं. मार्गशीर्ष महिन्यांत आगाशीहून अर्नाळ्याच्या पुळणीवर गेलें, तर समोरचें बेट, त्यावरील जुना किल्ला आणि मधलें निळें पाणी पाहून मन प्रसन्न होतें. आषाढांत तेंच पाणी मातकट होऊन उसळूं लागतें, होड्या वर ओढून ठेविलेल्या असतात, माडांच्या झावळ्या वाऱ्यानें पिळवटून निघतात. त्या दिवसांत किनाऱ्याकडे फिरकूं नये असें वडील माणसें बजावून सांगतात, आणि तरीही पाय तिकडेच वळतात. या दोहोंपैकीं कोणता समुद्र अधिक सुंदर, असें कोणी विचारिलें तर आम्हांस तरी चटकन उत्तर देतां येणार नाहीं.

याच प्रश्नाचा विचार एका जर्मन कवीनें फार खोलवर केला आहे. त्याचें नांव राइनर मारिया रिल्के. आम्हांस जर्मन भाषा अवगत नाहीं. त्याच्या काव्याची ओळख आम्हांस इंग्रजींतून झाली. लीशमन यानें केलेलें ‘ऑर्फियसप्रत सुनीतें’ या संग्रहाचें इंग्रजी भाषांतर १९३६ सालीं, आणि लीशमन व स्टीफन स्पेंडर यांनीं मिळून केलेलें ‘डुइनो विलापिकां’चें भाषांतर १९३९ सालीं प्रसिद्ध झालें. भाषांतर हें घागरींतून आणलेल्या पाण्यासारखें असतें. त्यांत झऱ्याचा गारवा उरत नाहीं, पण तहान भागते.

ग्रीक पुराणकथा जर्मन लेखकांच्या घरीं पाहुण्यासारख्या नव्हे, तर घरच्या माणसांसारख्या वावरत आल्या आहेत. विंकेलमान या पंडितानें १७५५ सालीं ग्रीक कलेचा आत्मा शांत व धीरगंभीर आहे असें प्रतिपादन केलें, आणि पुढील दोन पिढ्यांस त्या शांततेचें वेड लागलें. शिलरनें १७८८ सालीं ग्रीक देवतांवर कविता लिहून त्या जगांतून निघून गेल्याबद्दल खेद व्यक्त केला. हेल्डरलिननें तर आपलें सारें काव्यजीवन त्यांच्या प्रतीक्षेंत घालविलें. मग १८७२ सालीं नीत्शे या तत्त्वज्ञानें एक नवीच गोष्ट सांगितली. ग्रीक लोकांस जीवितांतील दुःखाची व भयाची जाणीव फार तीव्र होती. त्या जाणिवेसह जगतां यावें म्हणूनच त्यांनीं ते तेजस्वी देव निर्माण केले, असें त्याचें म्हणणें होतें. मूर्ति शांत आहे खरी, पण तिच्या पायाखालीं अंधारी विहीर आहे. रिल्केची पिढी ही विहीर पाहून वाढली.

रिल्केचा जन्म १८७५ सालीं प्राग शहरीं झाला. कोंवळ्या वयांत त्याला सैनिकी शाळेंत घालण्यांत आलें; तें शिक्षण त्याला मुळींच मानवलें नाहीं. पुढें पॅरिस येथें रोदँ या थोर शिल्पकाराच्या सहवासांत तो एक धडा शिकला. प्रेरणेची वाट पाहत न बसतां समोरच्या वस्तूकडे धीरानें पाहत राहावयाचें, हाच तो धडा. १९१२ च्या जानेवारींत तो एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं, उंच कड्यावर असलेल्या डुइनो येथील वाड्यांत पाहुणा म्हणून राहत होता. बाहेर ईशान्येचा सोसाट्याचा वारा सुटला असतां कड्यावर फिरतांना त्या वाऱ्यांतूनच आपल्यास पहिल्या विलापिकेचे आरंभीचे शब्द ऐकूं आले, असें त्यानें आपल्या यजमानिणीस सांगितलें. अर्नाळ्याचा वारा ज्यानें ऐकला आहे त्याला ही हकीकत अगदींच अद्भुत वाटणार नाहीं.

त्या विलापिकेंत जो विचार आला आहे तो आमच्या शब्दांत असा सांगतां येईल. सौंदर्य हा एक उंबरठा आहे. त्याच्या पलीकडे आपल्या शक्तीबाहेरचें कांहीं तरी उभें असतें. तें आपणांस सहज चिरडूं शकेल, पण तें आपल्या वाटेस जात नाहीं. म्हणूनच आपणांस उंबरठ्यावर उभें राहून त्याकडे पाहतां येतें. या काव्यांत देवदूतही येतो, आणि तो भयंकर आहे. आमच्या शाळेंतील मुलांस देवदूत म्हटला कीं नाताळचा देखावा व पांढरे पंख आठवतील. आपला देवदूत ख्रिस्ती स्वर्गांतला नव्हे, असें रिल्केनें १९२५ सालीं आपल्या पोलिश भाषांतरकारास पत्रानें स्पष्ट कळविलें होतें. तथापि शुभवर्तमानांतील मेंढपाळांसही प्रथम आनंद झाला नाहीं, तर मोठी भीतीच वाटली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आतां प्रीतीकडे वळूं. ऑर्फियस हा थ्रेस देशचा गायक. त्याच्या वाद्याचा नाद ऐकून श्वापदें शांत होत आणि वृक्ष जवळ सरकत. त्याची पत्नी युरिडिसी सर्पदंशानें मरण पावली. तो तिच्यासाठीं मृतांच्या राज्यांत उतरला, आणि त्याचें गाणें ऐकून तेथील राजाराणी द्रवलीं. ‘तिला घेऊन जा; परंतु उजेडांत पोहोंचेपर्यंत मागें वळून पाहूं नकोस,’ अशी अट त्यांनीं घातली. वाट संपत आली असतां त्याला राहवलें नाहीं. त्यानें मागें पाहिलें, आणि ती कायमची गेली.

व्हर्जिल व ओव्हिड या रोमन कवींनीं ही कथा अमर केली आहे. रिल्केनें १९०४ सालीं तिच्यावर एक दीर्घ कविता लिहिली, आणि तींत त्यानें आपली दृष्टि युरिडिसीकडे वळविली. हर्मीस या देवाचा हात धरून ती सावकाश चालली आहे. तिला घाई नाहीं, आशा नाहीं. आपल्या मरणानें ती काठोकाठ भरून गेली आहे. तो मागें वळला, असें हर्मीस दुःखानें सांगतो, तेव्हां हा कोणाविषयीं बोलत आहे हेंच तिला उमगत नाहीं. आमच्या मतें या कवितेंतील खरें भय पाताळाचें नव्हे. आपलें माणूस आपणांस ओळखीनासें होईल, हें तें भय होय.

आपल्याकडेही सर्पदंशाचीच एक कथा आहे. महाभारताच्या आदिपर्वांत रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा लग्नापूर्वींच साप चावून मरते. रुरु अरण्यांत जाऊन आक्रोश करतो. तेव्हां एक देवदूत त्याला सांगतो कीं, तूं आपलें अर्धें आयुष्य देशील तर ती उठेल. तो देतो, आणि ती झोपेंतून जागी व्हावी तशी उठते. सावित्रीची कथा तर घरोघरीं ठाऊक आहे. ती यमाच्या मागोमाग चालून आपल्या बुद्धीनें पतीस परत आणते. आपल्या कथांतील प्रीति मरणाशीं देवघेव करून जिंकते. ग्रीक प्रीति शेवटच्या पावलावर हरते. परंतु रुरूची कथा तेथें संपत नाहीं, हें पुष्कळांस माहीत नसतें. प्रमद्वरा परत मिळाल्यावरही त्याच्या मनांतील भय गेलें नाहीं. तो दिसेल तो साप मारीत सुटला, आणि शेवटीं डुंडुभ नांवाच्या एका निरुपद्रवी सापानेंच त्याला अहिंसेचा बोध केला. जिंकलेल्या प्रीतीसही भयाचा निकाल लावावाच लागतो.

गतवर्षीं आम्हीं आठवीच्या वर्गांत ऑर्फियसची गोष्ट सांगितली. त्यानें मागें कां पाहिलें, असा प्रश्न आम्हीं मुलांस घातला. ‘प्रेमामुळें,’ असें मुलींच्या बांकांवरून उत्तर आलें. ‘विश्वास नव्हता म्हणून,’ असें एक मुलगा म्हणाला. मागच्या बांकावर किनाऱ्याकडचा एक विद्यार्थी बसत असे. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वीं समुद्रावर गेले ते परत आले नव्हते. तो वर्गांत क्वचितच बोले. त्या दिवशीं तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, मागें पाहिलें नसतें, तर ती मागें आहे हें त्याला कळलें कसें असतें?’

वर्ग स्तब्ध झाला. या मुलाची आई अद्यापि संध्याकाळीं दारांत उभी राहून पाण्याकडे पाहते, आणि मुलगा मात्र समुद्राकडे पाठ करून चालतो, हें आम्हांस ठाऊक होतें. एकास मागें पाहिल्यावांचून राहवत नाहीं, दुसऱ्यास पाहवत नाहीं. दोहोंच्या मुळाशीं तीच प्रीति. पुस्तकी उत्तर देऊन त्या प्रश्नाचा अपमान करावा असें आम्हांस वाटलें नाहीं. ‘तुझें म्हणणें खरें आहे,’ एवढेंच आम्हीं म्हणालों, आणि घंटा होईपर्यंत दुसरा विषय काढला नाहीं.

त्या मुलास द्यावयाचें उत्तर आम्ही कित्येक दिवस शोधीत होतों, आणि तें आम्हांस पुन्हां रिल्केपाशींच सांपडलें. डुइनो येथें सुरू झालेलें काव्य महायुद्धामुळें व मनाच्या अस्वास्थ्यामुळें दहा वर्षें अपुरें राहिलें. १९२२ च्या फेब्रुवारींत, स्वित्झर्लंडमधील म्युझोट नांवाच्या जुन्या दगडी घरांत तें एकाएकीं पूर्ण झालें. त्याच महिन्यांत, कांहींशीं अनपेक्षितपणें, ऑर्फियसवरील पंचावन्न सुनीतेंही लिहून झालीं. झाडाखालीं बसून वाजविणाऱ्या ऑर्फियसचें एक लहानसें चित्र त्याच्या एका मैत्रिणीनें भिंतीवर लावून ठेविलें होतें. व्हेरा नांवाची एक नर्तकी मुलगी १९१९ सालीं रक्ताच्या असाध्य विकारानें एकोणिसाव्या वर्षीं वारली होती. तिच्या आजाराची आईनें लिहून ठेविलेली हकीकत रिल्केनें त्याच वर्षाच्या आरंभीं वाचली. तीं सुनीतें म्हणजे तिच्या स्मरणार्थ उभारलेला चौथरा होय. पुढें १९२६ च्या डिसेंबरांत कवि स्वतःही रक्ताच्या त्याच विकारानें मरण पावला.

या सुनीतांतील ऑर्फियस पत्नीस परत आणण्यासाठीं गात नाहीं. जें गेलें तें गेलें, हें त्यानें मान्य केलें आहे. आतां त्याचें काम एकच, स्तवन करणें. रडण्यास तो मनाई करीत नाहीं. परंतु विलापानें स्तवनाच्या अंगणांतच वावरावें, असें तो सांगतो. शेवटीं उन्मत्त स्त्रिया त्याचे तुकडे तुकडे करतात, तरी त्याचें गाणें नष्ट होत नाहीं. तें खडकांत, झाडांत व पांखरांत शिल्लक राहतें. आणि नवव्या विलापिकेंत कवि सांगतो कीं, त्या भयंकर देवदूतासमोर मोठमोठ्या भावनांची फुशारकी मिरवूं नये. त्याला साध्या वस्तु दाखवाव्या. उदाहरणादाखल तो रोममधील दोर वळणाऱ्याचें आणि नाईल नदीकांठच्या कुंभाराचें नांव घेतो.

हें वाचल्यावर आम्हीं वर्गास निबंधासाठीं ‘आमच्या घरचें काम’ हा विषय दिला. त्या मुलानें साडेतीन पानें लिहिलीं. जाळें फाटलें म्हणजे वडील तें पायाच्या अंगठ्यांत ताणून धरीत. सुईनें गांठ मारतांना ओठ घट्ट मिटीत. जाळ्याच्या घरांचें माप त्यांच्या बोटांसच ठाऊक असे, पट्टी लागत नसे. आणि गांठ पक्की बसली म्हणजे ते जिभेनें एक टिचकी वाजवीत. मरणाविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. आईस तो निबंध वाचून दाखव, असें आम्हीं सुचविलें. त्यानें तो वाचून दाखविला कीं नाहीं, हें आम्हीं विचारिलें नाहीं. परंतु मागें वळून पाहण्याची एक रीत अशीही आहे, जींत माणूस हरवत नाहीं, एवढें त्या साडेतीन पानांनीं आम्हांस शिकविलें.

आपल्या भाषेंतील कवींनीं ही वाट पूर्वींच चोखाळलेली आहे. वाल्मीकीच्या मुखांतून पहिला श्लोक निघाला तो व्याधानें क्रौंचाच्या जोडप्यांतील एकास मारलें तेव्हां. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ‘केवढें हें क्रौर्य’ ही कविता आपल्या आजोबांस पाठ असे. तींतही एक जखमी पक्षिणी, तिची पिलें, आणि प्रीति व भय यांची गांठ. टिळकांच्या घरीं कांहीं काळ राहिलेले बालकवि ठोमरे हे फुलांचे व हिरवळीचे कवि म्हणून प्रसिद्ध आहेत. पण त्यांची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता नीट वाचली, तर गांव, शेतमळे आणि पाऊलवाट यांवरून उतरत उतरत ती एका काळोख्या डोहाशीं येऊन थांबते. हे कवि १९१८ सालीं, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, भादली येथें आगगाडीखालीं सांपडून वारले. त्याच काळीं तिकडे रिल्केची विलापिका अर्ध्यावर पडून होती. दोघांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसेल. परंतु दोघेही त्याच उंबरठ्यावर उभे होते.

विद्यार्थिमित्रहो, रिल्केची कविता तुमच्या परीक्षेस नेमलेली नाहीं, आणि ती आज पुरती समजेल असेंही नाहीं. परंतु ‘औदुंबर’ तुम्हांस वाचतां येईल, आदिपर्वांतील रुरूची कथा घरीं वडील माणसांकडून ऐकतां येईल, आणि घरांतील जें माणूस आज दिसत नाहीं त्याच्या हातचें काम नीट आठवून कागदावर उतरवितां येईल. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलें भिऊन किंवा हळवीं होऊन कांहीं विचारूं लागलीं, तर ‘असलें बोलूं नये’ असें म्हणून त्यांस गप्प बसवूं नये. भय वाटतें म्हणून जो तोंड फिरवितो त्याला सौंदर्यही अर्धेंच दिसतें. आणि ज्याची प्रीति खरी आहे त्याला आज ना उद्यां समुद्राकडे तोंड करून उभें राहावेंच लागतें.