मास्तरांचा केसपेपर

एखादा समाज शिक्षकाला किती मान देतो, हे मी शिक्षकदिनाच्या भाषणांवरून ठरवत नाही. सरकारी इस्पितळात पैसे कोणाला माफ आणि कोणाला नाही, ते आधी बघतो. विचित्र वाटेल, म्हणून दोन उदाहरणे देतो.

पहिले ब्रिटनचे. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्युरिन बेव्हन. खर्च करांतून भागवायचा, रुग्णाच्या हातात बिल द्यायचे नाही, ही मूळ कल्पना. १९५१ मध्ये चष्म्यांना आणि कवळ्यांना शुल्क लावायचे ठरले, तेव्हा बेव्हननी मंत्रिपद सोडले. त्याच देशात २०१५ पासून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांना आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १०३५ पौंड आहे. २०२० च्या कोरोनात परदेशी डॉक्टर-नर्सना तो माफ झाला. तसाच कामासाठी गेलेला शिक्षक मात्र अजून भरतो, आणि पगारावरचा करही देतो.

दुसरे उदाहरण घरचे. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळा काढल्या, पण शिकवणार कोण? वेंगुर्ले, सावंतवाडीकडून कितीतरी मास्तर आले. आपल्याकडच्या अनेक घरांतली पहिली शिकलेली पिढी त्यांच्याच हाताखाली अक्षरे गिरवून मोठी झाली.

जानेवारी २०१८ मध्ये बांबोळीच्या गोमेकॉत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. सिंधुदुर्गातले लोक वर्षानुवर्षे तिथेच येणारे. दोडामार्गला आंदोलन झाले. सरकारचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. खाटा मोजक्या आणि पैसा गोव्याच्या करदात्याचा. ब्रिटनही तेच सांगते. पण ज्या गावांनी आपल्याला मास्तर दिले, त्याच गावांची माणसे केसपेपरवर 'परराज्यातील' ठरली. त्या वादात मास्तरांची आठवण कोणी काढलेली माझ्या तरी कानावर आली नाही.

ब्रिटनला नर्सचे ऋण दिसले, कारण ती डोळ्यांसमोर राबत होती. मास्तरांच्या कामाचे फळ वीस वर्षांनी दिसते. तोवर ते निवृत्त होऊन गावी गेलेले असतात.

शिक्षकदिनाला शाल-श्रीफळ देऊ नये असे नाही. पण इस्पितळाच्या सवलतींच्या यादीत, पत्ता कुठलाही असो, 'गोव्यात शिकवलेले शिक्षक' एवढी एक ओळ घातली, तर तो मान मला जास्त खरा वाटेल.