ओरिजिनल घरी आहे

सकाळी शटर वर केलं की मी आधी लॅमिनेशनचं मशीन लावतो, मग देवाला उदबत्ती. देवाचं आटपेपर्यंत मशीन तापतं, हिरवा दिवा लागतो. अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातलं हे दुकान दहा बाय बाराचं. वडिलांच्या वेळी इथे ट्रेडल होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. पुढे खिळे मोडीत गेले; एक ‘श्री’ तेवढा मी ठेवून घेतला, तो गल्ल्यात असतो. बोर्डावर आता तीन शब्द आहेत : प्रिंटिंग, बाइंडिंग, लॅमिनेशन. तिघं एकाच छताखाली नांदतात, पण स्वभाव निराळे. छपाई एकाचे शंभर करते. बाइंडिंग शंभरांचं एक करतं. लॅमिनेशन एकाला एकच ठेवतं, तेही कायमचं.

सगळ्यात घाईचं गिऱ्हाईक म्हणजे प्रबंधवाले. चार-पाच वर्षं अभ्यास केलेला असतो आणि बाइंडिंगला एक रात्र. “दादा, उद्या अकराला जमा करायचंय.” डावीकडे दीड इंच समास सोडलाय का, हे मी आधी बघतो, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते. मग मार्गदर्शकांचं नाव मोठ्याने वाचून घेतो. सोनेरी अक्षरं एकदा रेक्झिनवर उमटली की खोडता येत नाहीत. पंचाहत्तर जीएसएमचे ए-फोर सोळा कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर, वजन ७५ ग्रॅम. त्या हिशेबाने दोनशे कागदांचा प्रबंध पुठ्ठा सोडून किलोला साठेक ग्रॅम कमी भरतो. पण काउंटरवरून उचलताना पोरं तो दोन्ही हातांनी उचलतात.

खळ मी अजून घरी शिजवतो. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ढवळताना वडिलांची एक गोष्ट हटकून आठवते. मी गिऱ्हाइकावर वैतागलो की ते ती सांगायचे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत. तर त्यांनी म्हणे शाईत तूप घातलं. “गिऱ्हाइकाचा जीव कशात अडकलाय ते आधी बघ,” वडील म्हणायचे, “कागद मग.”

हे मला एकदा फार महागात पडून कळलं. दुकान नुकतंच हातात आलं होतं. एक बाई सोनोग्राफीचा फोटो घेऊन आल्या, लॅमिनेशनला. मी पाऊचमध्ये घातला, चारही कडांना चार मिलिमीटर पट्टी सोडली (नाहीतर पावसाळ्यात ओल आत शिरते) आणि मशीनला लावला. पलीकडून बाहेर आला तो काळाकुट्ट. तो कागद थर्मल होता. त्यावर शाई नसतेच; उष्णतेनेच चित्र उमटतं आणि उष्णतेनेच सगळा कागद काळा होतो. त्या काळ्या चकचकीत चौकोनात मला माझंच तोंड दिसत होतं. बाईंनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला. मी पैसे नकोत वगैरे पुटपुटत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, “राहू दे हो दादा. ओरिजिनल घरी आहे. तीन वर्षांचं झालंय, भिंती रंगवतंय.”

तेव्हापासून माझा नियम : थर्मल कागद दिसला की आधी झेरॉक्स, मग झेरॉक्सचं लॅमिनेशन. बसचं तिकीट असो, बिल असो. कोपरा नखाने घासून बघायचा. काळी रेघ उठली तर थर्मल.

आणि काही कागदांना मी सरळ नाही म्हणतो. परवा एक आजोबा वडिलांचं पत्र घेऊन आले. घड्यांवर विरलेलं, निळी शाई फिकटलेली. “प्लास्टिकमध्ये घालून टाका, म्हणजे कटकट मिटेल.” मी म्हटलं, “आजोबा, आतला गोंद वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो. नंतर सोडवायला गेलात तर पत्रही फाटेल.” स्कॅन करून प्रिंट काढून दिली, पत्र साध्या कागदी पाकिटात. पस्तीस रुपयांचं लॅमिनेशन हातचं गेलं. शेजारचा झेरॉक्सवाला हसला.

बाइंडिंगचं मला म्हणूनच कौतुक. दोरा कापता येतो, खळ ओली करून सोडवता येते, पुठ्ठा बदलता येतो. काल एक मुलगी आईची पाककृतींची वही घेऊन आली. पाठ सुटलेली, पुरणपोळीच्या पानावर हळदीचा अंगठा. “नवी करून द्या, पण डाग राहू देत.” फर्मे उसवले, एकेक घडी पुसली, पुन्हा शिवायला बसलो. सुईत दोरा ओवता ओवता तिला विचारलं, “मागे आठ कोरी पानं घालू?”

ती जरा थांबली. म्हणाली, “सोळा घाला.”