दुधाचा वाटा

गाईम्हशीच्या दुधाचा आपल्या घरात केवढा गोतावळा! तापवलं की साय, सायीला विरजण लावलं की दही, दही घुसळलं की लोणी आणि ताक, लोणी कढवलं की तूप, आणि तळाशी राहिलेल्या बेरीवर साखर भुरभुरून ती खायला घरातलं शेंडेफळ आधीच ताटली घेऊन बसलेलं. दूध नासलं तरी फुकट जात नाही, पाणी निथळून त्याच्या वड्या थापल्या जातात. गाय व्याली की चिकाचा खरवस. वाटणीही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. दूध पोरांना, लोणी-साय पुरुषांच्या पानात, तूप देवाला आणि पाहुण्याला. घरच्या बाईला ताक, तेही सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात काही राहिलं तर.

आईच्या दुधाला असा गोतावळा कधी नव्हता. ते अंगातून निघायचं आणि थेट बाळाच्या तोंडात जायचं. मूल अशक्त असलं, ओढायची ताकद नसली, तर वाटीत पिळून बोंडल्याने पाजायचे. पान्हा फारच दाटला, गाठी झाल्या, तर शेक देऊन काढून टाकायचे. तेसुद्धा मोरीत नाही, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, झाडाच्या बुंध्याशी. निदान आमच्या आजीचा तसा दंडक होता. शिळं, साठवलेलं, उरलेलं ही विशेषणं त्या दुधाला लागतच नसत. भूक आणि दूध यांच्यामध्ये साठवणीचं भांडंच नव्हतं, मग उरणार कुठे?

भांडं आलं ते पंपाबरोबर, आणि पंप आला नोकरीबरोबर. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही, अगदी पाणीही देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कागदावर दोन्ही हिशेब जुळतात. पण रजेतले काही आठवडे बाळंत होण्याआधीच खर्ची पडतात, आणि मूल पालथं पडू लागतंय तोवर आईला लॅपटॉपची बॅग खांद्यावर घ्यावी लागते. मग सुरू होतं दुधाचं बँक-खातं. सकाळी पाजून झाल्यावर थोडं, ऑफिसात दुपारी थोडं, रात्री थोडं.

माझ्या भाचीच्या पुण्यातल्या घरी फ्रीझर उघडला की मटारच्या पिशवीवर रचलेल्या त्या चपट्या पाकिटांची चळत दिसायची. प्रत्येकावर मार्करने तारीख. एक पाकीट मी उजेडात धरून पाहिलं होतं. खालचा भाग पातळ, निळसर, आणि वरच्या कडेला सायीचा पिवळट पट्टा. पंपाची घरघर, बाटल्यांचं उकळणं, पहाटेची अर्धवट झोप, असं बरंच काही त्या पाकिटात गोठलेलं. आणि एके दिवशी त्यातलं एक वितळवून बाटलीत भरलं, तर लेकीने तोंड फिरवलं. दुसरं दिलं, तेही थुंकलं. भाचीने वास घेतला आणि फोन केला, "मावशी, दुधाला साबणाचा वास येतोय गं!"

बाटली नीट विसळली नसेल अशी शंका पहिल्यांदा सगळ्यांनाच येते. पण वास दुधाचाच असतो. आईच्या दुधात लायपेज नावाचं विकर असतं. दुधातल्या स्निग्धाचे तुकडे करून ते बाळाला पचायला सोपं करून देणं हे त्याचं काम. दूध पोटात गेलं तर हे काम पोटात चालतं. फ्रीझरमध्ये ठेवलं तर तिथेही ते मंदपणे चालूच राहतं, आणि सुटी झालेली स्निग्धाम्लं मग साबणासारखा वास मारतात. असं दूध बाधत नाही, काही बाळं ते मुकाट पितातही. न पिणाऱ्यांपुढे मात्र आईचं काही चालत नाही. गंमत बघा, साबण म्हणजे तरी काय? स्निग्धाम्ल आणि क्षार यांची सोयरीक. म्हणजे साबण व्हायची निम्मी वाट ते दूध फ्रीझरमध्ये बसल्या बसल्या आपणच चालून आलेलं असतं.

उरलेली निम्मी वाट एका रविवारी भाचीच्या स्वयंपाकघरात पार पडली. बाळाला बाबाबरोबर खाली बागेत पिटाळलं होतं. खिडक्या सताड उघड्या, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. ओट्यावर वजनकाटा. खोबरेल 200 ग्रॅम, ऑलिव्ह तेल 250, एरंडेल 50. या तेलांना लागणारा कॉस्टिक सोडा 71 ग्रॅम, म्हणजे हिशेबापेक्षा थोडा कमीच, साबणात थोडं तेल मोकळं राहावं म्हणून. आणि दूध 150 ग्रॅम, बर्फाच्या खड्यांसारखं गोठलेलं. भांडं स्टीलचं, कारण ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो.

"दुधात कॉस्टिक?" माझी ताई दारातच थबकली. "अगं, तुंबलेली मोरी साफ करतात त्याने!"

"साबण पुरा झाला की कॉस्टिक उरत नाही, आई. म्हणून तर ग्रॅम ग्रॅम मोजतेय."

दुधाचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून तिने कॉस्टिकचे दाणे चमच्या-चमच्याने भुरभुरले. नेहमी कॉस्टिक दुधात घालायचा, दूध कॉस्टिकवर ओतायचं नाही. उलट केलं तर उसळून अंगावर येतं. बर्फ कडेने सुटू लागला. पांढऱ्याचा रंग पिवळसर झाला, मग एका बाजूने केशरीकडे कलला. तशी तिने हात थांबवून भांड्याभोवती आणखी बर्फ लोटला. आईचं दूध गाईच्या दुधाहून गोड, त्यात साखर सात टक्क्यांच्या आसपास. उष्णता वाढली की ही साखर करपते, दूध तपकिरी होतं आणि अमोनियासारखा नाकात जाणारा दर्प सुटतो. म्हणून तर दूध आधी गोठवायचं. थोड्या वेळाने पृष्ठभागावर बारीक पांढरे कण तरंगायला लागले. नासलं की काय म्हणून मी वाकून पाहिलं. "नाही गं मावशी, दुधातल्या तुपाचा साबण व्हायला लागलाय," ती म्हणाली. मग कोमट तेलात ते गाळून ओतलं, ब्लेंडर फिरवला. पळीने उचलून सोडलेल्या धारेची रेघ वर जशीच्या तशी दिसू लागली, तेव्हा मिश्रण साच्यात गेलं आणि साचा फ्रिजमध्ये. दुधाचा साबण आपल्याच उष्णतेने फुगून तडकतो, त्याला थंडच ठेवावं लागतं. पुढे वड्या कापून जाळीवर चार ते सहा आठवडे वाऱ्याला ठेवायच्या.

तयार साबणाचा तुकडा वितळवून त्यात दूध ढवळायचं, अशी सोपी रीतही हल्ली पुष्कळजणी वापरतात. पण त्यात दूध कच्चंच राहतं आणि ते नासतं. आळशाला दुप्पट काम, ते असं.

आता प्रश्न उरतो, त्या वडीत आईचं काय उरतं? हौसेच्या पोटी आपण बोलून जातो की दुधातले सगळे गुण साबणात उतरले. तसं होत नाही. बाळाला आजारापासून राखणारी प्रतिपिंडं म्हणजे नाजूक प्रथिनं, कॉस्टिकपुढे ती टिकत नाहीत. दुधातल्या जिवंत पेशी तर गोठतानाच जातात. उरतो स्निग्धांश, आणि 150 ग्रॅम दुधात तो असतो जेमतेम पाच-सहा ग्रॅम. पाचशे ग्रॅम तेलापुढे तो किती? साबण मऊ होतो, रंगाने लोण्यासारखा येतो, पण औषध होत नाही. लंगोटाने लाल झालेल्या कातडीला आईचं ताजं दूध नुसतं लावलं तर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाइतका गुण येतो, असं इराणमधल्या एका चाचणीत दिसलं होतं. पण ते ताज्या दुधाचं कौतुक. साबणाने त्यावर हक्क सांगू नये.

शिवाय घरी केलेला कुठलाही खरा साबण अल्कधर्मीच, त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात. बाळाची कातडी जन्मानंतर काही आठवड्यांत किंचित आम्लधर्मी होते, आणि तिचा तो आंबटपणा हेच तिचं चिलखत. रोज साबण लावून ते धुऊन काढण्यात काय शहाणपणा? आपल्या जुन्या न्हाणीत साबण नव्हताच. मालिशवाली बाई पाटावर बसून पाय पसरायची, पायांवर बाळ पालथं घ्यायची, तेल जिरवायची, मग डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. वर धुरी आणि वेखंड. त्यातलं चोळायचं पीठ आणि धूर बालरोगतज्ज्ञांनी आता बाद केलाय. पहिली आंघोळसुद्धा जन्मानंतर चोवीस तास उलटल्यावर घालावी, असं सांगतात. राहिलं काय, तर तेल, कोमट पाणी आणि माणसाचे हात. बाळाला तेवढं पुरतं.

मग जास्तीचं दूध जावं कुठे? त्याचाही एक मान आहे आणि तो पाळायला हवा. पहिला हक्क पोटच्या बाळाचा. दुसरा परक्या बाळाचा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दिवस भरायच्या आत जन्मलेली, ओंजळीत मावणारी बाळं आणि ज्यांच्या आईला दूध आलेलं नाही अशी बाळं तिथल्या दुधावर तगली. दात्या आईची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून मग गोठवतात. हे दूध विकायचं नाही, द्यायचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये तसं पुन्हा बजावलं आहे. तेव्हा ज्यांचा पान्हा घरच्या भुकेपेक्षा मोठा आहे त्यांनी साबणाचा साचा घ्यायच्या आधी जवळच्या दुग्धपेढीत चौकशी करावी. चांगल्या दुधाचा साबण करणं म्हणजे पोळीभाजीचं ताट पुढ्यात असताना खरकट्याची चिंता करणं.

साबणाच्या वाटेला जावं ते पेढी घेत नाही असं दूध. तारीख उलटलेलं, औषधं चालू असताना काढलेलं, बाळाने नाकारलेलं. ते ओतून द्यायला हात धजत नाही, आणि का धजावा? प्रत्येक पाकिटावर आपल्याच अक्षरातली तारीख असते.

त्या वड्या सुकल्यावर भाचीने मला विचारलं, "रोज नाही, पण अधूनमधून लावू ना हिला?" मी तिच्या हातांकडे पाहत होते. बाटल्या, पंपाचे भाग, झाकणं, दिवसातून कितीदा धुऊन बोटांची पेरं चिरली होती. सव्वा महिना ताईने तिला तेल लावून, शेक देऊन, कढत पाण्याने न्हाऊ घातलं. त्यानंतर मात्र तिची आंघोळ म्हणजे कान दाराशी ठेवून ओतलेले चार तांबे. दुधाच्या इतक्या वाटण्या झाल्या, घरच्या आणि अंगच्याही, आणि बाईचा वाटा कुणी काढलाच नाही.

"लेकीला पाणी पुरेल," मी म्हटलं. "हा साबण तू लाव. दाराला कडी घाल आणि सावकाश अंघोळ कर."

"आणि ती रडली तर?"

"रडू दे की थोडं. बाहेर तिचा बाप बसलाय, त्यालाही दोन हात दिलेत देवाने."